घरात कुणालाच नाही, तरी जनुकीय कसं? : दुभंगलेली टाळू आणि चेहरा जुळण्याची गोष्ट

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवा आणि हळूहळू मागे सरकवत न्या. आधी खडबडीत वळ्या लागतात, मग टणक, गुळगुळीत छत, आणि त्याच्याही मागे ते मऊ होत जातं. या छताच्या मधोमध, पुढून मागे जाणारी एक बारीक रेघ जिभेला जाणवते. ती शिवण आहे. तुमच्या जन्माच्या कितीतरी महिने आधी हे छत दोन तुकड्यांत होतं, एक उजवीकडे, एक डावीकडे. ते एकमेकांना भेटले, चिकटले, आणि त्या भेटीची खूण तेवढी उरली.

ज्या बाळात ही भेट होत नाही, त्याची टाळू दुभंगलेली राहते. (बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेलाही आपण टाळू म्हणतो. या लेखात टाळू म्हणजे तोंडाचं छत.) जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तरीही डॉक्टरांनी 'यामागे जनुकीय कारण असू शकतं' म्हटलं की आईवडिलांच्या तोंडून जवळजवळ हमखास एकच वाक्य येतं: "पण आमच्या दोन्हीकडे कुणालाच नाही!"

घोटाळा बराचसा शब्दाचा आहे. जनुकीय हा शब्द ऐकताना आपण मनात 'आनुवंशिक' ऐकतो. आनुवंशिक म्हटलं की वंश आला, वंश आला की तो कुणाच्या बाजूचा हा प्रश्न आला, आणि मग घराघरांत जे बोललं जातं त्याने नुकतीच बाळंत झालेली बाई पार खचून जाते. जनुकीय म्हणजे फक्त एवढंच, की पेशींना सूचना देणाऱ्या मजकुरात कुठेतरी फरक आहे. तो फरक आईकडून आलेला असेल, वडिलांकडून आलेला असेल, दोघांकडून थोडाथोडा आलेला असेल, किंवा कुणाकडूनच न येता त्या बाळातच पहिल्यांदा घडलेला असेल.

चेहरा घडत नाही, जुळतो

आपल्याला वाटतं, मातीच्या गोळ्यातून मूर्ती घडावी तसा चेहरा हळूहळू स्पष्ट होत जात असेल. प्रत्यक्षात तो पाच उंचवट्यांतून जुळून येतो. एक कपाळाकडून खाली येतो, दोन वरच्या जबड्याचे दोन्ही बाजूंनी पुढे सरकतात, आणि दोन खालच्या जबड्याचे. हे सगळं गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात सुरू होतं. (दवाखान्यात शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात. ते आकडे यापेक्षा दोनने जास्त असतात.)

या उंचवट्यांतला बराचसा माल तिथला नसतोच. पुढे ज्याचा मेंदू आणि मज्जारज्जू होणार, त्या नळीच्या पाठीकडच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि चालत चालत पुढे, चेहऱ्याच्या जागी येतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. चेहऱ्याची बहुतेक हाडं आणि कूर्चा या प्रवासी पेशींपासून होते. त्या कमी निघाल्या, वाटेत मेल्या किंवा उशिरा पोचल्या, तर उंचवटे लहान राहतात आणि एकमेकांपर्यंत पोचत नाहीत.

आरशात पाहा. नाकाखाली वरच्या ओठावर एक उभी पन्हळ असते. तिच्या दोन्ही कडा म्हणजे साधारण तीच जागा, जिथे मधला भाग आणि बाजूचे भाग येऊन मिळाले. म्हणूनच दुभंगलेला ओठ सहसा बरोबर मधोमध नसतो, डाव्या किंवा उजव्या कडेला असतो. डावीकडे तो उजवीपेक्षा जास्त आढळतो.

टाळूचा खेळ सगळा वेळेचा

ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून होतो. टाळूचं काम तेव्हा कुठे रंगात येत असतं.

वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी आतल्या बाजूला दोन फळ्या फुटतात. गंमत अशी की त्या आडव्या वाढत नाहीत, खाली लोंबतात. कारण मध्ये जीभ असते आणि त्या वेळी तिने जवळजवळ सगळं तोंड व्यापलेलं असतं. रेल्वेच्या डब्यातला मधला बर्थ दिवसा कसा भिंतीलगत खाली सोडलेला असतो, तशा या फळ्या जिभेच्या दोन्ही अंगांना उभ्या असतात. सातव्या-आठव्या आठवड्यात खालचा जबडा वाढतो, तोंडात जागा होते, जीभ खाली आणि पुढे सरकते, आणि फळ्या उचलल्या जाऊन आडव्या होतात. मग त्या मधल्या रेषेकडे वाढत जातात, पुढून मागे अशा एकमेकींना चिकटत जातात, आणि बाराव्या आठवड्याच्या सुमाराला छत पुरं होतं.

यात किती गोष्टी वेळेवर व्हायला लागतात ते बघा. फळ्या पुरेशा लांब हव्यात, जबडा वेळेवर वाढायला हवा, जिभेने वाट सोडायला हवी, फळ्या वेळेत वर यायला हव्यात. उशीर झाला, तर तोवर डोकं रुंद होत गेलेलं असतं आणि मधलं अंतर वाढलेलं असतं. मग फळ्या आडव्या होऊनही पोचत नाहीत.

आणि पोचल्या तरी काम संपत नाही. दोन्ही तळहात जोडून बघा. कितीही घट्ट जोडले तरी ते एक होत नाहीत, कारण मध्ये दोन्हीकडची त्वचा असते. टाळूच्या फळ्यांवरही असाच पेशींचा पातळ थर असतो. त्या भेटल्या की मधल्या थराने नाहीसं व्हावं लागतं, तरच आतला भाग एकजीव होतो. हा थर विरघळण्यासाठी टीजीएफबी३ नावाचं जनुक लागतं. १९९५ साली उंदरांमधलं हे जनुक बंद करून पाहिलं, तर फळ्या वाढल्या, आडव्या झाल्या, एकमेकींपर्यंत आल्यासुद्धा, पण जुळल्या नाहीत. मला तरी यातून फार मोठी गोष्ट कळली: दुभंग म्हणजे दर वेळी काहीतरी कमी असणं नव्हे. कधीकधी सगळं जागेवर असतं, फक्त मधलं काहीतरी बाजूला व्हायचं राहून जातं.

एक जनुक, आणि जुळ्या भावंडांनी दिलेला पुरावा

जनुक म्हणजे पेशीला एखादं प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा मजकुराचा तुकडा. माणसात असे सुमारे २०,००० तुकडे आहेत. त्यांपैकी बरीच जनुकं चेहऱ्याच्या कामात कुठे ना कुठे येतात. सगळ्यांची नावं घेऊन उपयोग नाही, पण एकाची ओळख करून घ्यायलाच हवी: आयआरएफ६.

व्हॅन डर वूड सिंड्रोम नावाचा एक प्रकार आहे. (सिंड्रोम म्हणजे एकाच मुळातून आलेल्या अनेक लक्षणांचा संच.) यात ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते आणि खालच्या ओठावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खळगे असतात. एकाच घरात एकाचा ओठ दुभंगलेला, दुसऱ्याची फक्त टाळू, आणि तिसऱ्याला नुसते खळगे, असंही असतं. त्या तिसऱ्याला आपल्यात काही आहे याचा पत्ताही नसतो.

याचं जनुक शोधताना संशोधकांच्या हाती जुळ्या भावंडांची एक जोडी लागली. एकसारखी जुळी, म्हणजे एकाच फलित बीजातून झालेली, म्हणजे मजकूर सारखाच असायला हवा. पण एकाला हा सिंड्रोम होता आणि दुसऱ्याला नव्हता. संशोधकांनी दोघांचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून फरक शोधला आणि तो आयआरएफ६मध्ये निघाला. २००२ साली हे प्रसिद्ध झालं. सुरुवात एका पेशीपासून झालेली असूनही एका भावंडात फरक नव्याने घडला होता. 'घरात कुणालाच नाही, मग जनुकीय कसं' याला याहून स्वच्छ उत्तर माझ्या तरी पाहण्यात नाही.

आयआरएफ६ करतं काय? ते त्वचेच्या पेशींना वेळेवर पक्व करतं. त्यामुळे तोंडातले भाग नको तिथे, नको तेव्हा चिकटत नाहीत. फळी जिभेलाच चिकटून बसली तर वर कशी येणार? म्हणजे जुळण्याइतकंच महत्त्व वेळेआधी न चिकटण्यालाही आहे.

जनुक ठीक, बटण बिघडलेलं

कित्येक मुलांत जनुकांचा मजकूर तपासला तरी काहीच सापडत नाही. याचं एक कारण असं की जनुक म्हणजे दिवा, पण त्याचं बटण दुसरीकडेच असतं. दिवा कधी, कुठे, किती वेळ लागावा हे ते बटण ठरवतं. दिवा शाबूत असून बटण अडखळत असेल तरी अंधार होतोच.

आयआरएफ६च्याच अशा एका बटणात अनेक लोकांमध्ये एका अक्षराचा फरक असतो, हे २००८मध्ये दिसलं. त्याने दुभंगलेल्या ओठाची शक्यता थोडी वाढते, इतकंच. हा फरक असलेल्या बहुतेकांचे ओठ अगदी नीट असतात. २००९मध्ये आठव्या गुणसूत्रावर (गुणसूत्रं म्हणजे हा सगळा मजकूर ज्यांत विभागून ठेवलेला असतो ते धागे) अशी जागा सापडली जिचा दुभंगाशी पक्का संबंध होता, पण आसपास जनुकच नव्हतं. उंदरांत तपासल्यावर कळलं की त्या भागात दूरच्या एका जनुकाची, चेहऱ्यापुरती चालणारी बटणं आहेत.

"पण आमच्या घरात खरंच कुणालाच नाही"

एक शक्यता वर आलीच, फरक बाळात नव्याने घडलेला असतो. दुसरी म्हणजे घरात तो आहे, पण दिसलेला नाही: ओठावरचे खळगे, दुभंगलेली पडजीभ, किंवा वरून अखंड दिसणारी पण आतले स्नायू न जुळलेली टाळू. टीबीएक्स२२ हे एक्स गुणसूत्रावरचं जनुक तर आणखी चकवतं. त्यातला दोष आईत बऱ्याचदा झाकलेला किंवा सौम्य राहतो, मुलग्यात मात्र बहुधा टाळू दुभंगते आणि जीभही खाली बांधलेली असते.

पण सर्वांत जास्त घडतं ते तिसरंच. समजा, एक ठरलेली गाडी पकडायची आहे. बूट सापडायला दोन मिनिटं गेली, वाटेत गर्दी लागली, जिन्यावर कुणीतरी थांबवलं. यातल्या एकाने गाडी चुकत नाही. सगळे उशीर एकाच दिवशी जमले तर चुकते. टाळूची फळी अशीच वेळेशी झुंजत असते. आईकडे तीन छोटे उशीर होते, तिची गाडी मिळाली. वडिलांकडे चार होते, त्यांचीही मिळाली. बाळाच्या वाट्याला दोघांकडचे मिळून सहा आले. यात दोष कुणाच्या बाजूचा, या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

सिंड्रोम नसलेल्या दुभंगांत बहुतांश वेळा असंच असतं. एकसारख्या जुळ्यांत एकाला दुभंग असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास येतं. साध्या जुळ्यांत ते फारच कमी असतं. जनुकांचा हात मोठा आहे हे यातून दिसतं. आणि निम्मंच का, शंभर टक्के का नाही, याचं उत्तर असं की उरलेला भाग गर्भाशयातल्या परिस्थितीचा आणि निव्वळ योगायोगाचा असतो.

"मग आईकडूनच काहीतरी चुकलं असणार"

माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात क्लार्क फ्रेझर यांनी १९५०च्या सुमाराला गाभण उंदरांना कॉर्टिसोन हे औषध देऊन पाहिलं. एका जातीच्या जवळपास सगळ्या पिल्लांची टाळू दुभंगली. दुसऱ्या जातीत औषध तेच, पण जेमतेम पाचात एका पिल्लाची. परिस्थिती एकच, तरी जनुकांनी निकाल वेगवेगळा लावला. बाहेरचं कारण एकटं क्वचितच पुरतं.

तरीही बाहेरची कारणं आहेत आणि ती सांगायलाच हवीत. गरोदरपणात धूम्रपानाने शक्यता वाढते. अपस्माराची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट, आणि मुरमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, यांचाही संबंध आहे. आधीपासूनच्या मधुमेहाचाही आहे. अपस्माराची गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, झटका आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा असतो. मूल हवंसं वाटू लागलं की त्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं का ते पाहावं. फॉलिक अॅसिडही गर्भधारणेच्या आधीपासूनच घ्यायचं असतं. मेंदू आणि मणक्याचे दोष त्याने टळतात हे पक्कं आहे, दुभंगाबाबतचा पुरावा तेवढा एकमुखी नाही.

आता तारखा बघा. पाळी चुकली, तपासणी झाली, बातमी घरात कळली, तोवर चेहऱ्याचे उंचवटे पुढे सरकू लागलेले असतात, आणि पहिल्या सोनोग्राफीला जाईपर्यंत कित्येकदा ओठ जुळूनही झालेला असतो. त्या दिवसांत काय पाहिलं, काय उचललं, कुठे गेली, याचा हिशेब बाईला विचारत बसणं निखालस अन्याय आहे.

ओठ आणि टाळू: दिसायला शेजारी, कारणं वेगळी

पॉल फोग-आंदरसन या डॅनिश शल्यचिकित्सकाने १९४२ साली शेकडो कुटुंबांच्या नोंदी तपासून एक गोष्ट मांडली. ज्या घरात ओठ दुभंगलेला (टाळूसह किंवा टाळूशिवाय) असतो, तिथे पुन्हा तोच प्रकार येतो. ज्या घरात फक्त टाळू दुभंगलेली असते, तिथे फक्त टाळूच. व्हॅन डर वूडसारखे अपवाद सोडले तर हे आजही टिकून आहे. ओठाचा प्रकार मुलग्यांत जास्त, एकट्या टाळूचा मुलींत जास्त. मुलींच्या गर्भात फळ्या सुमारे आठवडाभर उशिरा आडव्या होतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

याचा व्यवहारात मोठा अर्थ आहे. एकटी टाळू दुभंगलेली असेल, तर जवळपास निम्म्या मुलांत सोबत दुसरंही काही असतं. ओठाच्या प्रकारात हे प्रमाण कमी असतं. म्हणून टाळूवर शस्त्रक्रिया ठरली की काम झालं असं समजू नये.

बाळाचा जबडा अगदी लहान, जीभ मागे पडलेली आणि टाळूतली फट रुंद कमानीसारखी असेल, तर त्याला पिएर रॉबिन सीक्वेन्स म्हणतात. जबडा वाढला नाही, म्हणून जिभेने वाट सोडली नाही, म्हणून फळ्या आल्या नाहीत, अशी ती साखळी. अशा बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो, तिकडे आधी लक्ष हवं. यातल्या काही मुलांत स्टिकलर सिंड्रोम निघतो. तो कोलॅजन या आधार देणाऱ्या प्रथिनाचा दोष आहे, आणि त्यात लहान वयातच मोठा ऱ्हस्वदृष्टीचा नंबर लागतो, पुढे डोळ्याचा पडदा सुटू शकतो. टाळूचं कारण शोधताना डोळा वाचतो, तो असा. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा, साधारण ३० लाख अक्षरांचा, गळालेला असेल तर टाळूबरोबर हृदय, रक्तातलं कॅल्शियम आणि रोगप्रतिकारशक्तीही तपासावी लागते. ही गळती दहातल्या सुमारे नऊ मुलांत नव्यानेच झालेली असते, आईवडिलांत ती नसते.

पुढच्या मुलाचं काय?

सिंड्रोम नसेल, आईवडील दोघांनाही दुभंग नसेल आणि एका मुलाला असेल, तर पुढच्या मुलाला असण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के. म्हणजे शंभरातली पंचाण्णव तरी मुलं दुभंगाशिवाय जन्मतील. दोन मुलांना असेल तर ती सुमारे १० टक्क्यांवर जाते. व्हॅन डर वूड पालकात असेल, तर मात्र प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. म्हणून आकडा विचारण्याआधी प्रकार ठरवायला हवा. जनुकीय समुपदेशक नेमकं हेच काम करतात, आणि त्यासाठी आईवडिलांच्या ओठांकडे, पडजिभेकडेही निरखून पाहतात.

अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दुभंगलेला ओठ बहुधा दिसतो. एकटी टाळू सहसा दिसत नाही. तेव्हा 'सोनोग्राफी नीट होती, मग हे कसं' या प्रश्नात दर वेळी कुणाची हलगर्जी शोधू नये.

"जनुकं सापडली, मग औषध का नाही?"

ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये त्या प्रवासी पेशी ज्यांपासून होतात, त्या पेशीच प्रवासाआधी मोठ्या संख्येने मरतात, आणि चेहऱ्याची हाडं अपुरी राहतात. २००८मध्ये उंदरांत पेशींना मरायला सांगणारं पी५३ हे प्रथिन थोपवलं, आणि पिल्लांचे चेहरे सुधारले. पण पी५३ हेच शरीराचं कर्करोगाविरुद्धचं मोठं राखणदार. त्याला झोपवणारं औषध गर्भवतीला कोण देणार? शिवाय द्यायचं ते गरोदरपण कळण्याच्या आधी. त्यामुळे आजचा उपाय हातांचाच आहे: ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण ३ ते ६ महिन्यांचं असताना, टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. तोवर बाळाला ओढून दूध पिता येत नाही, म्हणून दाबून दूध देता येईल अशी बाटली. कानात पाणी साठतं, कारण कानाची नळी उघडणारा स्नायू टाळूतच असतो, म्हणून ऐकण्याची तपासणी. मग बोलण्याचे उपचार, दात, जबडा. हे काम अनेक वर्षं चालतं, पण यातून बहुतेक मुलं नीट खातात, स्पष्ट बोलतात.

आणि जनुकीय तपासणीत काहीच निघालं नाही तर? त्याचा अर्थ 'जनुकीय नाही' असा होत नाही. छोटे छोटे उशीर आणि दूरची बटणं त्या तपासणीत पकडली जात नाहीत. अहवाल फेकू नका. बाळाच्या ओठाचे, पडजिभेचे शस्त्रक्रियेआधीचे फोटो आणि तो कागद एकत्र ठेवा. आज अर्थ न लागलेला अक्षरांचा फरक काही वर्षांनी पुन्हा तपासला की उलगडू शकतो. तोवर हे मूल मोठं झालेलं असेल, आणि आपल्याला होणाऱ्या मुलाबद्दल कदाचित तेच विचारत असेल.